कळते, पण वळत नाही : लहान मुलांच्या मेंदूचा चाळीस वर्षांचा पाठपुरावा

माझी भाची साडेआठ महिन्यांची असताना मी तिच्यासमोर सतरंजीवर दोन रुमाल पसरले, एक तिच्या डाव्या हाताला आणि एक उजव्या हाताला. तिचा आवडता लाकडी खुळखुळा तिला दाखवून डाव्या रुमालाखाली ठेवला. तिने रुमाल ओढला आणि खुळखुळा काढला. पुन्हा तिथेच ठेवला, पुन्हा तिने काढला. तिसऱ्या वेळी मात्र तिच्या डोळ्यांदेखत तो उजव्या रुमालाखाली सरकवला, तिला हाक मारून क्षणभर माझ्याकडे बघायला लावले आणि तीन-चार सेकंदांनी रुमाल तिच्या पुढ्यात केले. तिचा हात सरळ डाव्या रुमालाकडे गेला. तो उचलून तिने खालची रिकामी सतरंजी पाहिली आणि माझ्याकडे बघितले. पुढच्या एका खेपेस तर हात डावीकडे जात असताना तिची नजर उजव्या रुमालावर खिळलेली होती.

मोठ्या माणसांच्या सवयींबद्दल आपण ‘कळते, पण वळत नाही’ असे म्हणतो आणि त्यात बहुतेक वेळा थोडा ठपका असतो. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाच्या बाबतीत मात्र हे वाक्य शब्दशः खरे असते. वस्तू कुठे आहे हे नजरेला ठाऊक असते, पण हात वळत नाही. या कळण्यात आणि वळण्यात मेंदूत नेमके किती अंतर असते, ते कशामुळे पडते आणि वाढत्या वयाबरोबर कसे मिटत जाते, याचा शोध ॲडेल डायमंड या अमेरिकी संशोधिकेने १९८०च्या सुमारास सुरू केला. आज त्या कॅनडातील व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात आहेत आणि मुलांच्या बोधनक्षमतांचा व मेंदूचा एकत्र अभ्यास करणारी जी विद्याशाखा आता जगभर उभी आहे, तिच्या पहिल्या पिढीत त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या कामाचा धागा रुमालाखालच्या खेळण्यापासून निघून एका आनुवंशिक विकाराच्या पथ्यापर्यंत आणि तिथून बालवाडीच्या वर्गापर्यंत जातो. तो धागा सलग पाहिला तरच त्या कामाचे मोल ध्यानात येते, म्हणून तो इथे सुरुवातीपासून उलगडते आहे.

रुमालाचा हा खेळ डायमंड यांनी शोधलेला नाही. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९३०च्या दशकात स्वतःच्या तीन मुलांची बारकाईने निरीक्षणे करताना ही चूक नोंदवली होती. पहिल्या जागी दोन-तीनदा वस्तू सापडली, की बाळ ती दुसऱ्या जागी लपवलेली पाहूनही पहिल्याच जागी शोधते. पियाजेंनी याचा अर्थ असा लावला, की वस्तू ही आपल्या कृतीपासून वेगळी, स्वतंत्रपणे अस्तित्वात असते ही समज बाळाला अजून आलेली नाही. म्हणजे त्यांच्या मते उणीव ‘कळण्यात’ होती. पुढची चार दशके हाच अर्थ बहुतांशी प्रमाण मानला गेला.

डायमंड यांचे पदवीचे शिक्षण समाजशास्त्र, मानववंशशास्त्र आणि मानसशास्त्र या विषयांत झाले होते आणि मेंदूकडे वळण्याचा त्यांचा इरादा नव्हता. हार्वर्ड विद्यापीठात त्यांना जेरोम केगन हे शिक्षक लाभले. जगाच्या पाठीवर कुठेही गेले, तरी पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात बाळांच्या वागण्यात जवळजवळ तेच बदल जवळजवळ त्याच वेळी दिसतात, हा मुद्दा केगन आग्रहाने मांडत असत. बाळे वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या हवामानांत, वेगवेगळ्या रीतींनी वाढत असतील आणि तरीही बदल एकाच सुमारास घडत असतील, तर त्यांचे सगळे श्रेय अनुभवाला देता येत नाही. शरीराच्या आतही काहीतरी ठरलेल्या वेळी पिकत असले पाहिजे. डायमंड यांनी हा मुद्दा एक पायरी पुढे नेला. आत पिकणारी ती गोष्ट मेंदूत असणार, मग ती मेंदूच्या कोणत्या भागात, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि त्याच्या उत्तरासाठी मेंदूशास्त्र मुळापासून शिकायला घेतले.

आधी त्यांनी खेळ मोजायचा ठरवला. त्यांनी २५ बाळांना दर दोन आठवड्यांनी तपासले, बाळ लपवलेली वस्तू पहिल्यांदा शोधू लागते तेव्हापासून ते एक वर्षाचे होईपर्यंत. वस्तू लपवल्यापासून बाळाला हात पुढे करू देईपर्यंत किती वेळ जाऊ दिला, तर ही चूक होते, हे त्यांनी प्रत्येक भेटीत पाहिले. साडेसात महिन्यांच्या बाळाला दोन सेकंदांहूनही कमी विलंब पुरतो. त्यानंतर चूक घडवून आणण्यासाठी लागणारा विलंब दर महिन्याला साधारण दोन सेकंदांनी वाढत जातो, आणि वर्षाच्या बाळाला चुकवायचे तर दहा सेकंदांहून अधिक थांबावे लागते. त्याच बाळाला त्याच दिवशी दोन-तीन सेकंद कमी थांबवले तर ते बरोबर शोधते आणि दोन-तीन सेकंद जास्त थांबवले तर गोंधळून जाते. हा निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाला. वस्तूच्या अस्तित्वाची समजच नसती, तर दोन सेकंदांच्या फरकाने ती येती-जाती ना. म्हणजे प्रश्न दोन गोष्टींचा होता : नुकतीच पाहिलेली जागा मनात धरून ठेवणे आणि आधी यश मिळालेल्या जागी धावणाऱ्या हाताला आवर घालणे.

मी भाचीबरोबर हा खेळ घड्याळ लावून, नियम पाळून खेळले नव्हते. तरीही ती अकरा महिन्यांची झाल्यावर तेच रुमाल पुन्हा पसरले, तेव्हा चार सेकंदांना ती फसली नाही. आठ-नऊ सेकंद थांबवले तेव्हा तिने संपूर्ण वेळ मान न हलवता उजव्या रुमालाकडे रोखून पाहिले, जणू नजर हलली असती तर जागा निसटली असती. डायमंड यांच्या बाळांमध्येही असे दिसत असे, आणि म्हणूनच प्रयोगात बाळाची नजर व शरीर मधल्या वेळात त्या जागेवरून मुद्दाम हटवावे लागते.

आता मेंदूचा भाग शोधायचा होता आणि इथे खरी अडचण होती. जागे असलेल्या माणसाच्या मेंदूचे काम चुंबकीय यंत्रातून पाहण्याची फंक्शनल एमआरआय ही पद्धत १९९०च्या दशकात आली. आणि आजही हात पुढे करून खेळणाऱ्या आठ महिन्यांच्या बाळाला त्या यंत्रात निश्चल झोपवणे शक्य नसते. डायमंड यांना वाट सापडली ती जुन्या शोधनिबंधांत. येल विद्यापीठात १९३०च्या दशकात कार्लाइल जेकब्सन यांनी माकडांना दोनपैकी एका वाटीखाली खाऊ लपवताना दाखवला होता आणि थोड्या विलंबानंतर शोधायला सांगितले होते. कपाळामागच्या भागाला, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला, इजा झालेली माकडे त्यात सपशेल चुकत. हा खेळ आणि पियाजेंचा खेळ जवळपास एकच होता. पण एक मेंदूशास्त्रज्ञांच्या दालनात पडून होता, दुसरा बालमानसशास्त्रज्ञांच्या, आणि दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांचे फारसे वाचत नव्हते. दोन विषयांच्या मधली भिंत ओलांडल्याने किती मोठे काम होऊ शकते याचे याहून चांगले उदाहरण मला चटकन आठवत नाही.

पीएचडीनंतर डायमंड येललाच पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. माकडांच्या प्रीफ्रंटल भागावर त्या काळी त्यांच्याइतके सखोल काम क्वचितच कुणाचे असेल. दोघींनी पियाजेंचा खेळ ऱ्हीसस माकडांबरोबर, बाळांसाठीच्या नियमांनीच खेळून पाहिला. प्रीफ्रंटल भागाच्या वरच्या-बाहेरच्या पट्ट्याला इजा असलेली प्रौढ माकडे दोन ते पाच सेकंदांच्या विलंबाला अगदी सात-आठ महिन्यांच्या मानवी बाळांसारखी चुकली. डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूच्या परायटल भागाला तेवढीच इजा असलेली माकडे चुकली नाहीत. माकडांच्या निरोगी पिल्लांमध्ये हीच प्रगती दीड ते चार महिन्यांच्या दरम्यान होताना दिसली. हे काम १९८९ साली छापून आले. प्राण्यांवर अशा शस्त्रक्रिया करण्याबद्दल मनात अस्वस्थता येते आणि ती यावी. पण बाळाच्या वागण्याचा मेंदूच्या विशिष्ट भागाशी संबंध जोडणारा इतका थेट पुरावा त्या काळी दुसऱ्या मार्गाने मिळत नव्हता, हेही खरे आहे.

याच काळातला आणखी एक प्रयोग मला रुमालाच्या खेळाहूनही बोलका वाटतो. एका छोट्या पारदर्शक पेटीत खेळणे ठेवायचे. पेटीची एकच बाजू उघडी आणि तीही बाळाच्या समोर नसून कडेला. खेळणे लपलेले नाही, त्यामुळे आठवणीचा प्रश्न फारसा नाही. तरीही सात-आठ महिन्यांचे बाळ काचेसारख्या बंद बाजूवर पुन्हा पुन्हा हात आपटत राहते, कारण खेळणे जिकडून दिसते तिकडूनच ते घ्यायची ओढ त्याला आवरत नाही. जरा मोठे बाळ वाकून उघड्या बाजूने आत बघते, मग सरळ बसून हात उघडीकडे नेते. वर्षाचे बाळ बहुधा न वाकताही हात वळवून खेळणे काढते. प्रीफ्रंटल इजा असलेली माकडे इथेही बंद बाजूवरच हात मारत राहिली.

सगळ्यांनी हे स्पष्टीकरण मान्य केले असे नाही. इंडियाना विद्यापीठाच्या एस्थर थेलन आणि लिंडा स्मिथ यांनी दाखवले, की पहिल्या जागी वस्तू शोधताना बसलेल्या बाळाला दुसऱ्या वेळी उभे धरले, तर ही चूक कमी होते. त्यांचे म्हणणे असे, की हाताने नुकत्याच केलेल्या हालचालीचा ठसा शरीरात राहतो. शरीराची ठेवण बदलली की तो ठसा पुसट होतो आणि चूकही निवळते, त्यासाठी मेंदूच्या एकाच भागाकडे बोट दाखवण्याची गरज नाही. हा आक्षेप वजनदार आहे. माझ्या समजुतीप्रमाणे दोन्ही बाजू एकत्र नांदू शकतात, कारण जुन्या हालचालीची ओढ कुठून येते हा एक प्रश्न आणि ती ओढ असतानाही तिच्यावर मात कोण करते हा दुसरा; डायमंड यांचे उत्तर प्रामुख्याने दुसऱ्या प्रश्नाचे आहे.

इथपर्यंतची गोष्ट ज्ञानाच्या हौसेची म्हणता येईल. यापुढे ती मुलांच्या आरोग्याशी येऊन भिडते आणि हा भाग जरा सावकाश सांगायला हवा.

साखरेऐवजी ॲस्पार्टेम घातलेल्या शीतपेयाच्या डब्यावर किंवा गोळ्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरांत एक सूचना असते : फेनिलकीटोन्युरियाच्या रुग्णांसाठी नाही. हा आनुवंशिक विकार आहे आणि त्याला थोडक्यात पीकेयू म्हणतात. आपण खातो त्या दूध, डाळ, अंडी, मांस अशा सगळ्या प्रथिनांत फेनिलॲलॅनिन नावाचा घटक असतो. निरोगी शरीरात यकृतातले एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचे टायरोसिन या दुसऱ्या घटकात रूपांतर करते. पीकेयू असलेल्या बाळात हे विकर कामच करत नाही किंवा फार कमी करते. मग फेनिलॲलॅनिन रक्तात साठत जाते, मेंदूला घातक ठरते आणि उपचार न झाल्यास मुलाला तीव्र बौद्धिक अपंगत्व येते. १९३४ साली नॉर्वेत आस्ब्यर्न फॉलिंग या डॉक्टरांकडे एक आई आपली दोन मुले घेऊन आली होती आणि मुलांच्या लघवीला येणाऱ्या चमत्कारिक वासाचे कारण विचारत होती. फॉलिंग यांनी लघवीत फेरिक क्लोराइड टाकले, रंग हिरवा झाला आणि त्या धाग्यावरून हा विकार ओळखला गेला. १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये हॉर्स्ट बिकेल यांनी फेनिलॲलॅनिन अतिशय कमी असलेले अन्न देऊन सुधारणा होते हे दाखवले, आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून पीकेयू ओळखण्याची स्वस्त चाचणी बसवली. गथ्री यांचा स्वतःचा मुलगा बौद्धिक अपंगत्व असलेला होता आणि त्यांच्या मेहुणीच्या मुलीला पीकेयू होता.

पथ्य जन्मल्याबरोबर सुरू केले, तर ही मुले शाळेत जातात, शिकतात, बुद्ध्यंकाच्या चाचणीत सामान्य मर्यादेत बसतात. म्हणून पीकेयू हा सुटलेला प्रश्न मानला जात होता. पण पालक आणि शिक्षक सांगत, की मुले हुशार असूनही काहीतरी अडते. लक्ष टिकत नाही, दोन-तीन पायऱ्यांचे काम सुरू करून मध्येच विसरतात. बुद्ध्यंकही भावंडांपेक्षा थोडा कमीच भरत असे.

त्या वेळच्या अमेरिकी पद्धतीनुसार रक्तातले फेनिलॲलॅनिन प्रति डेसिलिटर १० मिलिग्रॅमपर्यंत असले, तरी चालत असे. सामान्य माणसात ते साधारण २ मिलिग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे पथ्य पाळणाऱ्या मुलातही ते तिपटीने-पाचपटीने जास्त राही आणि टायरोसिन किंचित कमी. मोठा फरक पुढे पडतो. रक्तातून मेंदूत शिरण्यासाठी या दोन घटकांना एकच वाहक वापरावा लागतो. गच्च भरलेल्या थांब्यावर एसटी आली आणि तिचे एकच दार उघडले तर काय होते, हे आपल्याला माहीत आहे : ज्यांची संख्या जास्त आणि जोर जास्त, ते आधी चढतात. फेनिलॲलॅनिनची संख्याही जास्त आणि त्या वाहकाला ओढही त्याचीच जास्त. टायरोसिन खाली राहते. मेंदूत टायरोसिन कमी पोहोचते आणि टायरोसिन हा डोपामिनचा, म्हणजे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोहोचवणाऱ्या एका रसायनाचा, कच्चा माल आहे. पारदर्शक पेटीसमोर आणि वाट्यांसमोर माकडांना मदत करणारा प्रीफ्रंटल भाग याच डोपामिनवर अवलंबून असतो. तिथले डोपामिन काढून टाकले, तर तो भागच कापून काढल्याइतकी हानी होते, हे गोल्डमन-राकिच आणि सहकाऱ्यांनी १९७९ सालीच दाखवले होते.

डायमंड यांनी या सगळ्या कड्या जोडल्या तेव्हा त्यांच्यापुढे एक रास्त शंका ठेवली गेली. टायरोसिनचा तुटवडा सगळ्या मेंदूत सारखाच असणार, मग फटका एकट्या प्रीफ्रंटल भागाला का बसावा? उत्तर येलच्याच औषधशास्त्रज्ञांच्या कामात होते. प्रीफ्रंटल भागाकडे जाणाऱ्या डोपामिनच्या पेशी फार वेगाने काम करतात आणि तयार झालेले डोपामिन झपाट्याने खर्च करतात. कणगी भरलेल्या घरात आठवडाभर दुकान बंद राहिले तरी चूल पेटते. रोज आणून रोज शिजवणाऱ्या घरात मात्र एक दिवसही निभत नाही. टायरोसिन थोडेसेच घटले, तर मेंदूचे इतर भाग निभावून नेतात आणि प्रीफ्रंटल भागाची मात्र उपासमार होते.

हे केवळ तर्काचे मनोरे राहू नयेत म्हणून त्यांनी लहान वयात उपचार सुरू झालेल्या पीकेयूच्या मुलांना चार वर्षे सतत तपासले, त्यांच्या भावंडांशी आणि इतर मुलांशी तुलना केली. मुलांना असे खेळ दिले, की काहींना प्रीफ्रंटल भाग लागतो आणि काही तितकेच अवघड असूनही मेंदूच्या इतर भागांवर चालतात. फेनिलॲलॅनिन ६ ते १० मिलिग्रॅमच्या दरम्यान असलेली मुले पहिल्या प्रकारात मागे पडली, दुसऱ्यात नाही. ज्यांचे प्रमाण ६ मिलिग्रॅमच्या खाली होते, ती मागे पडली नाहीत. सविस्तर अहवाल १९९७ साली आला. त्याच्या आधी एका वेगळ्याच ठिकाणी या तर्काची परीक्षा झाली होती. डोळ्याच्या पडद्यातल्या डोपामिनच्या पेशीही प्रीफ्रंटलसारख्याच वेगाने काम करतात. तेव्हा तर्क खरा असेल तर या मुलांना फिकट राखाडी पट्टे फिकट पार्श्वभूमीवर ओळखणे जड जायला हवे. शाळकरी वयाची मुले तपासली आणि तसेच निघाले. चष्म्याच्या नेहमीच्या तक्त्यावर हा दोष दिसला नसता. तो आहे असे आधी कागदावर म्हटले गेले, म्हणून शोधला गेला. मला या संपूर्ण कारकिर्दीतला हा सर्वांत सुंदर क्षण वाटतो.

२००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञ परिषदेने बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी २ ते ६ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. त्यामागे अनेकांचे संशोधन होते आणि त्यात या कामाचाही वाटा होता. घरात याचा अर्थ पथ्य आणखी कडक होणे असा होतो : भाताचा प्रत्येक घास तोलणे, दूध-डाळ जवळजवळ बंद करणे, बेचव प्रथिन-मिश्रण रोज प्यायला लावणे. आईवडिलांवर हा भार टाकायचा, तर तो कशासाठी हे नेमके सांगता आले पाहिजे, आणि ते सांगता आले ते रुमालाखालच्या खेळण्यामुळे.

बाळ वर्षाचे झाले की रुमालाचा खेळ जिंकते, पण प्रीफ्रंटल भागाची वाढ तिथे थांबत नाही. ती विशीच्या पलीकडेही चालू राहते. म्हणून मोठ्या मुलांसाठी अवघड खेळ लागतात. डायमंड यांच्या गटाने वापरलेला एक खेळ असा : काळ्या कागदावर चंद्र-तारे दाखवले की मुलाने ‘दिवस’ म्हणायचे आणि पांढऱ्या कागदावर सूर्य दाखवला की ‘रात्र’. अशी सोळा पत्ती. साडेतीन-चार वर्षांची मुले नियम बरोबर सांगतात, पहिली दोन-चार पत्ती सांभाळतात आणि मग चंद्र बघून ‘रात्र’ म्हणू लागतात. आपल्याकडे शाळेच्या पटांगणावर खेळला जाणारा ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ किंवा ‘चिमणी उड, कावळा उड, म्हैस उड’ हा खेळ आठवून बघा. म्हैस उडत नाही हे चार वर्षांच्या मुलाला पक्के ठाऊक असते, पण बोट आधीच वर गेलेले असते.

मूल दोन्ही नियम लक्षात ठेवू शकत नाही, की तोंडावर आलेला शब्द थांबवू शकत नाही? हे वेगळे करण्यासाठी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याच चित्रांसाठी ‘दिवस’ आणि ‘रात्र’ यांच्याऐवजी संबंध नसलेले शब्द ठरवले, एकाला ‘कुत्रा’ आणि दुसऱ्याला ‘डुक्कर’. नियम दोनच राहिले, पण मुले सहज जमवू लागली. दुसऱ्या एका फेरीत मूळ नियम तसेच ठेवले आणि चित्र दाखवल्यावर प्रयोग घेणारी व्यक्ती एक छोटी ओळ गुणगुणत असे, ‘उत्तराचा विचार कर, मला सांगू नकोस’ अशा अर्थाची. तेवढ्या काही सेकंदांच्या उसंतीने चार वर्षांच्या मुलांची उत्तरे लक्षणीय सुधारली. चुकीचे उत्तर आधी उसळी मारते आणि बरोबर उत्तर जरा मागून येते. मधला वेळ दिला तर बरोबर उत्तराला पोहोचता येते. वर्गात ‘सांग, सांग लवकर’ म्हणून मुलाच्या मागे लागणाऱ्या आपल्या सवयीबद्दल मी हे वाचल्यापासून फार विचार करते.

चार ते तेरा वर्षांच्या मुलांची प्रौढांशी तुलना करणाऱ्या २००६ सालच्या त्यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. मोठ्या माणसाला जास्त गोष्टी लक्षात ठेवणे जड जाते आणि ओढ आवरणे त्यामानाने सोपे वाटते. लहान मुलांचे याच्या उलट असते. मोठ्यांना मुलांचा राग येतो तो बहुधा याच ठिकाणी, कारण आपल्याला जे बिनकष्टाचे वाटते तेच त्यांना सर्वाधिक कष्टाचे असते. आणि एका नियमावरून दुसऱ्यावर उडी मारणे तर तेरा वर्षांच्या मुलालाही प्रौढाइतके जमत नाही.

मनात धरून ठेवणे, आवर घालणे आणि गरज पडली तर दिशा बदलणे या तिन्हींना मिळून शास्त्रज्ञ कार्यकारी क्षमता म्हणतात. त्या शिकवता येतात का, हा डायमंड यांच्या उत्तरायुष्यातला प्रश्न. २००७ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या गरीब वस्तीतल्या १४७ बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही वर्गांत ‘टूल्स ऑफ द माइंड’ हा अभ्यासक्रम चालत होता. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हायगॉट्स्की यांच्या विचारांवर तो एलेना बोद्रोव्हा आणि डेबोरा लिआँग यांनी बेतला होता. त्यात नाटुकली खेळण्याआधी मुले ‘मी आज कोण होणार’ हे चित्र काढून ठरवतात आणि मग त्या भूमिकेला धरून राहतात. अवघड चाचण्यांत या वर्गांतली मुले पुढे गेली, आणि एका शाळेतल्या लोकांना फरक इतका ठळक वाटला की त्यांनी तुलना थांबवून सगळ्याच वर्गांना तो अभ्यासक्रम देऊन टाकला. नंतर झालेल्या मोठ्या चाचण्यांचे निकाल मात्र एका दिशेचे नाहीत. काहींत फायदा दिसला, काहींत अजिबात दिसला नाही. संगणकावर खेळवून केलेल्या तालमीचा लाभ तर बहुधा त्या खेळापुरताच राहतो, हे डायमंड यांनी स्वतः पुराव्यांचा आढावा घेऊन लिहिले आहे. शाळांना विकल्या जाणाऱ्या ‘मेंदू तल्लख करा’ छापाच्या जाहिरातींपुढे उभे राहताना ही सावधगिरी पालकांच्या हाती असायला हवी.

त्या अभ्यासक्रमातली एक साधी युक्ती मला मात्र फार आवडते. जोडीने गोष्ट वाचायच्या वेळी दोन्ही मुलांना सांगायचेच असते, ऐकायचे कुणालाच नसते. म्हणून एकाच्या हातात ओठांचे चित्र दिले जाते आणि दुसऱ्याच्या हातात कानाचे. कान बोलत नाहीत, कान ऐकतात, एवढेच बाई सांगतात. मघाशी बोलू पाहणारे मूल चित्राकडे बघते, ओठ मिटते आणि पुढच्या पानाची वाट बघते. मग चित्रांची अदलाबदल होते. काही महिन्यांनी बाई कानाचे चित्र देईनाशा होतात आणि मूल तरीही आपली पाळी येईपर्यंत ऐकत बसते.